पोटातला पत्रा

बाप : दारातच पाय झटक गं. वाळू आणलीस सगळी घरभर.

मुलगी : ही वाळू ओळखली नाहीत? नीट बघा, बाबा. तुमचीच आहे.

बाप : माझी?

मुलगी : पुतळ्याच्या पोटातली. कोपरापर्यंत हात घालून काढलीय मी. दोन बादल्या निघाली. वाळू, भाजलेली माती आणि गंजलेल्या तारेचा एक तुकडा. बास.

आत्या : म्हणजे उतरवलं का गं साहेबाला शेवटी?

मुलगी : अकरा वाजता उतरवला, आत्या. नगरपालिकेच्या आवारात पालथा पडलाय.

आत्या : पालथा! जन्मभर नाक वर करून सगळ्यांकडे बघत होता मेला. आणि मी इथे गुडघ्याला शेक देत बसले. कुणीतरी उचलून न्यायचं होतं मला.

मुलगी : पालथा मीच घालायला लावला. पाठीवरची खिडकी वर यायला हवी होती ना.

बाप : खिडकी सापडली?

मुलगी : तुम्ही सांगितलं होतं तिथेच. खांद्याच्या खाली, कोटाच्या शिवणीवर. वेल्डर म्हणाला, ठिगळ असं बसवलंय की बोटाला लागत नाही. म्हणाला, असा ओतारी आता मिळायचा नाही.

बाप : तसं ते... चार दिवस घासत होतो मी ती कड.

मुलगी : खूश होऊ नका एवढ्यात.

बाप : पाणी पी आधी. चेहरा बघ कसा झालाय तुझा.

मुलगी : पत्रा कुठे आहे, बाबा?

आत्या : का? निघाला नाही?

मुलगी : वाळू निघाली म्हणून सांगितलं ना. आत काही नाहीये.

बाप : नीट बघितलंस का? आतला गाभा वाळतो, भुसभुशीत होतो, खाली बसतो. त्याच्याबरोबर घसरला असेल मांडीत. किंवा गुडघ्याच्या वाकणात अडकला असेल.

मुलगी : दिवा सोडला आत, दोरीला बांधून. बुटापर्यंत. वेल्डर म्हणाला, बाई, इथे कधी काही ठेवलेलंच नाही. ठेवलं असतं तर निदान बांधायची खूण राहिली असती.

बाप : तो वेल्डर मला शिकवणार? जन्मला तरी होता का तो तेव्हा?

मुलगी : पन्नास-साठ माणसं उभी होती, बाबा. बोगद्यात गेलेल्यांच्या घरची सगळी. मीच बोलावलं होतं त्यांना. पुतळा भंगारात द्यायचा तर द्या, पण आधी त्याचं पोट उघडू द्या, आत तेवीस जणांची नावं आहेत, माझ्या आईनं पत्र्यावर कोरलेली. चार महिने त्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या मी. अर्धे लोक म्हणत होते, साहेबानं डोंगरातून पाणी आणलं म्हणून तुमच्या नळाला पाणी येतं, पुतळा हलवायचाच नाही. अर्धे म्हणत होते, फोडा आणि कालव्यात टाका. आणि मी मधल्या मधे दोन्हीकडून शिव्या खात होते. थांबा, उघडा, वाचा, मग काय करायचं ते करा.

आत्या : दोन्ही बाजूंचं खरंच आहे म्हणा. मी तर रोज तेच पाणी पिते आणि रोज त्यालाच शिव्या घालते. पाणी आत घुसलं तर बोगदा वाचवायला लोखंडी दार बंद करायला लावलं त्यानं. आत माणसं आहेत हे माहीत असून. दार वाजवत होती म्हणे दुपारपर्यंत.

मुलगी : मुकादमाच्या म्हातारीला खुर्चीत बसवून आणली होती. नव्वदीला आलीय. चष्मा पदरानं पुसून हातात धरून बसली होती, नवऱ्याचं नाव वाचायचं म्हणून. मी वाळू काढत होते आणि ती विचारत होती, आलं का, आलं का. शेवटी मी रिकामा हात बाहेर काढला. तेव्हा काय म्हणाली माहीत आहे?

बाप : जाऊ दे. म्हाताऱ्या माणसाचं काय मनावर घ्यायचं.

मुलगी : म्हणाली, आईवर गेलीस. तीही साहेबाचीच होती.

आत्या : तिच्या जिभेला काही हाड!

मुलगी : तिचं काय चुकलं, आत्या? बारा वर्षांपूर्वी हीच माणसं दोरखंड घेऊन पुतळा पाडायला गेली, तेव्हा आडवी कोण आली? आई. जिचा सख्खा भाऊ त्या दाराआड मेला, ती त्याच साहेबाच्या पुतळ्यापुढे हात पसरून उभी. पाडू नका म्हणत होती. का, ते सांगता येत नव्हतं तिला. सांगितलं असतं तर पत्रा ठेवला म्हणून तुम्हाला धरून नेलं असतं, एवढंच तिच्या डोक्यात. कपाळावर दगड बसला. चार टाके. अख्ख्या गल्लीनं बोलणं टाकलं. गेली तेव्हा खांदा द्यायला माणसं बाहेरून बोलवावी लागली आपल्याला.

आत्या : गल्लीचं काय घेऊन बसलीस. मीही टाकलं होतं बोलणं. दोन वर्षं. या घरात राहून. भाजी वाढायची ती आणि मी ताटाकडे बघायची.

मुलगी : आज ते सगळं धुवून निघणार होतं. मला पुतळ्याशी काही देणंघेणं नव्हतं. मला आईचं नाव हवं होतं. नावांचा पत्रा वर आला असता, त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचला असता, आणि त्यांना कळलं असतं ती कशाची राखण करत होती ते. सकाळी किती आनंदात होते मी! पायथ्याची पाटी सगळ्यात आधी काढली. साहेबाच्या नावाची, ती गोडवे गायलेली. खाली टाकली आणि पहिला पाय मी दिला तिच्यावर. मग रांगच लागली.

बाप : पाटीवर?

मुलगी : हो, पाटीवर. का?

बाप : काही नाही. पाय कशाला द्यायचा... धातू आहे. कुणाच्या तरी हाताचं काम आहे.

मुलगी : तुमच्याच हाताचं. माफ करा हं, कलाकार दुखावला.

बाप : आता कुठे आहे ती?

मुलगी : पाटी? आवाराच्या फाटकात. मीच टाकायला सांगितली, जाता-येता सगळ्यांचा पाय पडू दे म्हणून. पाटीचं काय घेऊन बसलात? मी पत्र्याचं विचारतेय.

बाप : तुझ्या आईनं सांगितलं होतं ना तुला सगळं.

मुलगी : बघा. हेच. गेले चार महिने हेच चाललंय. बाबा, पत्रा आत आहे ना? आईनं सांगितलंय ना तुला. बाबा, पत्रा किती मोठा होता? तुझ्या आईलाच माहीत. येताना रस्ताभर आठवत होते मी. तुम्ही एकदाही हो म्हणाला नाहीत. एकदाही!

बाप : मी खोटं बोललो नाही तुझ्याशी.

मुलगी : आणि आईशी?

बाप : तिच्याशीही नाही.

मुलगी : दवाखान्यात तिनं मला सांगितलं ते शब्द न् शब्द आठवतंय मला. तुम्ही कारखान्यातून घरी आलात. तिनं विचारलं, ठेवलात का हो? आणि तुम्ही म्हणालात...

बाप : ठेवलं पोटात.

मुलगी : हं. ठेवलं पोटात.

बाप : आमच्या धंद्यात पुतळ्याच्या पोकळीला पोट म्हणतात...

मुलगी : ते मला शिकवू नका! दोन वर्षांची असल्यापासून ऐकतेय. पोट ओतायचं, पोट मोकळं करायचं, पोट शिवायचं. तिलाही तेच वाटलं. वाटणारच, ओताऱ्याची बायको ती. कुणाच्या पोटात, बाबा? पुतळ्याच्या की तुमच्या?

आत्या : अरे देवा.

मुलगी : बोला ना.

बाप : माझ्या.

आत्या : म्हणजे तू... म्हणजे गुपित पोटात ठेवलं म्हणालास? आणि ती बिचारी समजली पत्रा? अरे, आणि वर म्हणतोस खोटं बोललो नाही? केवढा रे चोख हिशेबी तू शब्दांचा!

बाप : अक्के, तू मधे पडू नकोस.

आत्या : मधे नाही पडत. इथेच बसलेय मी चाळीस वर्षं.

बाप : तुम्हाला काय माहीत तेव्हा काय दिवस होते. साहेबाचा माणूस रोज कारखान्यात येऊन बसायचा. मोजमापं बघायचा, टोपलीत हात घालायचा. खिडकी बंद करायच्या दिवशी तर दोन शिपाई दारात. पत्रा सदऱ्याच्या आत होता माझ्या, पोटाला बांधलेला. सापडला असता तर? तू नऊ महिन्यांची होतीस पोरी. घाबरलो मी.

मुलगी : मग घाबरलो म्हणायचं होतं ना! आईला काय ते कळलं नसतं? घाबरलेल्या माणसाला तिनं घरात घेतलं नसतं का? तिनं स्वतः महिनाभर दाराला कडी लावून, गोणपाट अंथरून, आवाज होऊ नये म्हणून पत्र्याखाली उशी घेऊन ती अक्षरं ठोकली. तिलाही भीती होतीच की.

बाप : सांगणार होतो. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. मग ती रोज संध्याकाळी तिकडे जायला लागली. पुतळ्याच्या मागच्या बाजूला उभी राहायची, पाठीला हात लावून. येताना चेहरा असा शांत. म्हटलं, हिला मिळालंय काहीतरी. कशाला काढून घ्या.

मुलगी : आणि दोरखंडाच्या दिवशी? तेव्हा कुठे होतात?

बाप : घरी.

मुलगी : घरी. एक वाक्य पुरलं असतं. अगं, रिकामा आहे तो, पडू दे. ती घरी परत आली असती. टाके पडले नसते. तुम्ही स्वतः बसून तिची पट्टी बदलत होतात आठ दिवस. कापूस लावताना काय म्हणायचात तिला?

बाप : म्हणायचो, दुखतंय का.

आत्या : थांब जरा. मला एक आठवतंय. खिडकी बंद केली म्हणतोस तो दिवस. शिपाई दारात, तू घाबरलेला. त्या दिवशी तू घरी शीळ घालत आलास.

बाप : काहीतरीच काय.

आत्या : शीळ घालत. मी दारात होते, माहेरपणाला आलेली. आणि जेवायला बसलास तर हात धुवेनास. उजवा हात. चमचा मागितलास. या घरात आजारी माणसाशिवाय कुणी चमच्यानं जेवलेलं मी पाहिलं नव्हतं. मी विचारलं, भाजला का हात? तर म्हणालास, नाही अक्के, आज या हातात साहेबानं हात दिलाय.

मुलगी : बाबा, साहेब आला होता कारखान्यात?

बाप : आला होता. शिपाई त्याच्याच बरोबरचे. काठी टेकत आला, पुतळ्याभोवती फिरला एकदा. काही बोलला नाही. मग कानाजवळ गेला. डाव्या कानाची पाळी फाटकी होती त्याची, लहानपणीची. मी ती तशीच घेतली होती, इतरांनी गुळगुळीत केली असती. बोट लावून बघितलं त्यानं. आणि म्हणाला, आरशात दिसत नाही एवढा मी यात दिसतो. आणि हात पुढे केला. माझा काळा, मातीनं भरलेला हात. दोन्ही हातांनी धरला.

आत्या : आणि विरघळला आमचा भाऊ.

बाप : हो, विरघळलो! वीस वर्षं घंटा ओतल्या, नळाच्या तोट्या ओतल्या. कुणी नाव विचारलं नव्हतं. त्यानं विचारलं. पोटाला बायकोनं बांधलेला पत्रा टोचत होता, आणि समोर तो माणूस डोळ्यात पाणी आणून उभा. नाही घालवला माझ्यानं हात आत. नाही घालवला. आता काय ते बोला.

मुलगी : मामाचं नाव होतं त्याच्यावर.

बाप : पहिलंच होतं.

मुलगी : मग पत्रा गेला कुठे? घरी नाही आणलात. पुतळ्यात नाही. पुरलात?

बाप : पोरी, ती पाटी उचलून आण आधी.

मुलगी : पाटीचं काय मधेच?

बाप : फाटकातून उचल. पाय नको पडायला.

मुलगी : का?

बाप : पाटी शेवटी ओतली. साहेब गेल्यावर, त्याच दुपारी. धातू कमी पडत होता. थोडाच, पण अक्षरं नीट उठली नसती. पत्रा चांगल्या जाड तांब्याचा होता.

आत्या : नाही. नाही रे.

बाप : मुशीत टाकला. तांबं एकदम वितळत नाही. वर तरंगल्यासारखं दिसतं थोडा वेळ, लाल होतं. अक्षरं दिसत होती. खालची आधी गेली. तुझ्या मामाचं नाव वर होतं, ते शेवटी गेलं.

मुलगी : आईनं कोरलेली नावं वितळवून तुम्ही साहेबाचं नाव ओतलंत.

बाप : धातू कमी पडत होता म्हणतो ना.

आत्या : धातू? परसात पितळेची घंगाळं पडलेली असायची तुझ्या. मोडीचं तांबं पोत्यानं होतं. कमी पडत होता!

बाप : होतं पोतं.

मुलगी : होतं?

बाप : हाताला लागेल इतकं जवळ होतं. पण पत्रा टोचत होता ना. मला तो अंगावरून जायला हवा होता. घरी नेला असता तर तिनं बघितला असता.

(बाहेर कुणीतरी मोटरसायकल सुरू करायचा प्रयत्न करतंय.)

मुलगी : मी पाय दिला त्याच्यावर. मुकादमाच्या म्हातारीनं दिला. खुर्चीतून उतरवून, दोघांनी धरून, तिनं पाय दिला. चप्पल काढली नाही. तिच्या नवऱ्याचं नाव... आणि सगळे टाळ्या वाजवत होते. मी सगळ्यात जोरात.

बाप : तुला माहीत नव्हतं.

मुलगी : आईलाही माहीत नव्हतं! तुमच्या घरात कुणालाच काही माहीत नसतं, बाबा. ती रोज संध्याकाळी पाठीला हात लावून उभी राहायची म्हणता. रिकाम्या पाठीला. नावं पुढे होती, पायथ्याशी, त्या पाटीत. आणि त्या पाटीकडे तिनं जन्मात ढुंकून बघितलं नाही. साहेबाची म्हणून.

आत्या : रडून घे. रड जरा.

मुलगी : रडायला वेळ नाहीये, आत्या. ट्रक पाच वाजता निघणार. पुतळाही जाईल आणि पाटीही. माणसं अजून तिथेच आहेत, मी सांगून आलेय, बाबांना विचारून येते म्हणून. उठा, बाबा.

बाप : मी?

मुलगी : तुम्हीच. सगळ्यांसमोर सांगायचं. पत्रा होता. आईनं केला होता. तिला वाटत होतं तो आत आहे, म्हणून ती आडवी आली.

बाप : तूच सांग ना. तू शिकलेली, चार लोकांत बोलणारी. माझं आता वय...

मुलगी : मी सांगितलं तर म्हणतील, आईवर पांघरूण घालतेय. सकाळी माझ्या शब्दावर आली होती ती माणसं. माझा शब्द संपला. पत्रा बघितलेला जिवंत माणूस एकच उरलाय.

बाप : लोक काय म्हणतील मला?

मुलगी : आईला बारा वर्षं जे म्हणत होते तेच.

बाप : ती म्हातारी थुंकेल माझ्यावर.

आत्या : थुंकू दे. तुझ्या हाताची काळजी नको, रुमाल देते मी. हा घे सदरा. इथे, खुंटीवर, डोळ्यांसमोर आहे. आणि मलाही उठवा, मी येतेय. मला काही तिथे बोलायचं नाही. मी नुसती ती पाटी मांडीवर घेऊन बसणार आहे ट्रक जाईपर्यंत.

मुलगी : गुडघा?

आत्या : गुडघा गेला खड्ड्यात. दोन वर्षं ताटाकडे बघत जेवलेय मी.

बाप : पोरी.

मुलगी : आता काय?

बाप : बटण लागत नाहीये.

मुलगी : लावा तुमचं तुम्ही.

बाप : तिथे गेल्यावर... सुरुवात कुठून करू?

मुलगी : कुठूनही करा. तेवीस नावं येत असतील तर त्यांच्यापासून करा.

बाप : अकरा येतात.

मुलगी : अकरा सांगा. बाकीची ते सांगतील, घरची आहेत त्यांच्या.

आत्या : चला आता. चार वाजून गेले.

मुलगी : आणि बाबा, एक लक्षात ठेवा. पत्रा कुठे ठेवला होता असं कुणी विचारलं, तर भट्टीत म्हणा. पोटात म्हणू नका.